नळालाही तेवढाच वेळ

माझ्या चुलतसासूबाईंनी आयुष्यात एकही बातमी नुसती ऐकून पुढे सांगितलेली नाही. अशी खोड असलेल्या बाईच्या हातात शहाण्या माणसानं रेडिओचा माइक देऊ नये. लोहाऱ्यात तो दिला गेला, आणि मग दिला कशाला म्हणून ज्यांनी दिला त्यांनीच कपाळाला हात लावला. सासूबाईंना भांडखोर म्हणणारे, तोंडाळ म्हणणारे, म्हातारपणी डोकं फिरलंय म्हणणारे लोक गावात अजून आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या हाती हे पडलं तर त्यांनी खुशाल वाचावं. मी काही लपवून सांगणार नाही.

आम्ही त्यांना काकू म्हणतो. काका फार लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. गावातली निम्मी लेकरं काकूंनी अंगणवाडीत सांभाळली, आणि त्या ओरडण्यानं त्यांचा आवाज जो खरखरीत झाला तो कायमचा. त्या निवृत्त झाल्या त्याच सुमाराला गावातल्या एका संस्थेनं आपल्या कचेरीमागच्या खोलीत छोटं रेडिओ केंद्र काढलं. आसपासच्या खेड्यांत ऐकू जाईल एवढीच त्याची ताकद. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. संध्याकाळी तासभर गावगप्पा, बातम्या, गाणी असा कार्यक्रम करायचा होता आणि त्यासाठी इथलाच आवाज हवा होता. काकूंना बोलावून माइकसमोर बसवलं आणि सांगितलं, म्हणा, नमस्कार श्रोतेहो. काकूंनी माइककडं पाहिलं, काचेपलीकडं पाहिलं आणि विचारलं, “कोण ऐकायलंय? नाव सांगा, मंग नमस्कार घालते.” श्रोते दिसत नसतात, हे त्यांना समजावण्यात आलं. “दिसत न्हाय त्याला नमस्कार देवळात घालतेत,” काकू म्हणाल्या, “हितं माणसं हायती ना?”

तेव्हापासून त्यांचा कार्यक्रम नावांनीच सुरू व्हायचा. ज्यानं ज्यानं फोन करून “ऐकतोय” म्हणून कळवलं असेल त्याला त्याला नमस्कार. गिरणीवाल्या बापूंना नमस्कार, पण बापू, गिरणी बंद करा, तुमाला तुमचं नाव ऐकू येत नसंल. शेवंताबाईला नमस्कार, सुनेला जरा बसू द्या तिच्याबी कानावर पडू द्या. जळकोटकडं जाणाऱ्या जीपवाल्याला नमस्कार. हा जीपवाला वेशीबाहेर गाडी उभी करून कार्यक्रम संपेपर्यंत हलायचा नाही, कारण पुढे गेलं की आवाज तुटायचा. आतले प्रवासीही कुरकुर करत नसत. नमस्कारातच पाव तास जातो अशी तक्रार संस्थेच्या अध्यक्षांनी केली, तेव्हा काकूंनी त्या दिवसापासून अध्यक्षांनाही नमस्कार घालायला सुरुवात केली. तक्रार पुन्हा आली नाही.

निधनवार्ता द्यायची तर काकू आधी त्या घरी जाऊन यायच्या. एकदा शेजारच्या गावातले एक आजोबा गेल्याचा निरोप आला. सोलापूरहून त्यांची लेक रडत निघाली होती, फुलांचा हार सांगून झाला होता, आणि केंद्रात कुणीतरी दोन ओळी लिहूनही ठेवल्या होत्या. काकू एसटीनं तिकडं गेल्या तर आजोबा उंबऱ्यात बसून ताकात भाकरी कुस्करत होते. काकूंनी पिशवीतून मोबाइल काढला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. “आजोबा, तुमी गेला म्हणं.” “कुठं?” आजोबांनी विचारलं. त्या दिवशी निधनवार्तेच्या जागी हा संवाद लागला, आणि शेवटी आजोबांनी आपण गेल्याची आवई उठवणाऱ्या भावकीला नावं घेऊन चार शब्द सुनावले ते काकूंनी जसेच्या तसे जाऊ दिले. पुढे कधीतरी ते खरेच गेले, तेव्हा काकू दोन दिवस त्यांच्या दारात बसून आल्या आणि बातमी सांगताना त्यांचा आवाज फुटला.

साखरपुड्यांचंही तेच. यादीत नाव आलं की काकू मुलीच्या घरी हळदीकुंकवाचं निमित्त काढून जायच्या आणि तिला मागच्या दारी नेऊन विचारायच्या, “तुला पसंद हाय का?” मुलगी लाजली तर बातमी लागायची. एक मुलगी रडली. ती बातमी लागली नाही, आणि लग्नही लागलं नाही. त्या मुलाकडच्यांनी आमच्या घरी येऊन माझ्या सासऱ्यांना फार बोल लावले. काकूंनी त्यांना चहा दिला. पाककृतीच्या कार्यक्रमात आलेल्या पाहुणीलाही त्यांनी नुसतं बोलू दिलं नाही. गॅसची छोटी शेगडी आणवून त्या बंद खोलीत तिला येसर आमटी करायला लावली. मिरचीची फोडणी बसली आणि त्या दिवशी तालुक्यानं बहुतेक वेळ खोकलाच ऐकला. खोकला थांबल्यावर काकूंनी आमटी चाखली आणि रेडिओवरून सांगितलं, मीठ कमी हाय, बाकी झ्याक.

तुळजापूरच्या एक आराधी बाई एकदा देवीची गाणी म्हणायला आल्या होत्या. त्यांचं गाणं रंगलं आणि काकूंची वेळ संपली. पुढे खतांच्या सल्ल्याचा कार्यक्रम होता, त्याचे साहेब काचेपलीकडं घड्याळ दाखवत उभे. काकूंनी त्यांना हातानंच खाली बसायला सांगितलं. गाणं संपल्यावर त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “देवीचं गाणं मधीच तोडत न्हाईत साहेब. तुमचं खत काय, घटकाभरानं नासत न्हाय.” मला विचाराल तर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

आता नळाचं सांगते. आमच्या गावाच्या वरच्या वस्तीत घरोघरी नळ बसले होते. टाकी उभी राहिली, नारळ फुटला, फीत कापली गेली आणि एक पुढारी काकूंच्या कार्यक्रमात मुलाखतीला आले. हे पुढारी संस्थेच्या अध्यक्षांचे जुने स्नेही. त्यांनी घसा खाकरून सांगितलं की वरच्या वस्तीतल्या माउल्यांच्या डोक्यावरचा हंडा आता कायमचा उतरला आहे. काकूंनी विचारलं, “तुमी त्या नळाचं पाणी पिऊन बघितलं का?” पुढारी म्हणाले, योजनेचं लोकार्पण झालेलं आहे. “लोकार्पण न्हाय,” काकू म्हणाल्या, “पाणी.” पुढाऱ्यांनी मग विकासावर बोलणं लांबवलं. काकूंनी त्यांना मध्ये एकदाही तोडलं नाही. आभार मानले, चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी काकू केंद्रात गेल्याच नाहीत. फोनवरून कार्यक्रमात आल्या आणि म्हणाल्या, “म्या वरच्या वस्तीत शेवंताबाईच्या दारात उभी हाय. काल पाहुण्यांचं ऐकलं. आज नळाचं ऐकू.” आणि त्यांनी तोटी फिरवली. मी तेव्हा लोहाऱ्याच्याच शाळेत शिकवत होते; त्या संध्याकाळी घरी वह्या तपासत रेडिओ लावून बसले होते. आधी फुस्स असा आवाज आला, मग घशात काहीतरी अडकल्यासारखी घरघर, मग नुसती हवा. काकू एक शब्द बोलल्या नाहीत. रेडिओवर एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. रेडिओ बिघडला असं वाटून सासऱ्यांनी त्याला थापट मारली. बऱ्याच वेळानं काकूंनी तोटी बंद केली आणि म्हणाल्या, आता कुस्त्यांची बातमी.

अध्यक्षांनी बोलावून घेतलं. नळ का ऐकवला म्हणून विचारलं. काकू म्हणाल्या, “साहेब, दोनी बाजू घ्या, असं तुमीच शिकवलं. पाहुण्याला टाइम दिला, नळालाबी तेवढाच दिला. म्या मधी कायबी बोलले न्हाय.” अध्यक्ष चिडले. माफी मागा, नाहीतर कार्यक्रम बंद. रेडिओवरूनच मागायची, सगळ्यांच्या कानावर जाईल अशी.

काकूंना त्या एका तासाशिवाय दुसरं काही नव्हतं, हे आम्हा घरच्यांना ठाऊक होतं. सकाळी उठल्यापासून त्यांचा दिवस त्या तासाकडे चालत जायचा. सासरे म्हणाले, “वहिनी, दोन शब्द म्हणून टाका. आपलं काय जातंय?” माझ्या नवऱ्यानंही तेच म्हटलं. मी एकटीच म्हणाले, काकू, मागू नका. सुनेनं मध्ये बोलायचं नसतं, पण मी बोलले आणि आजही तेच म्हणेन. काकूंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. म्हणाल्या, “मागते माफी.” मला त्यांचा राग आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठेवणीतलं इरकल नेसलं. सकाळभर कुठेतरी फिरून आल्या आणि संध्याकाळी केंद्रात गेल्या. आम्ही सगळे रेडिओभोवती. नावांचे नमस्कार झाले, त्यात अध्यक्षांना झाला, पुढाऱ्यांनाही झाला. मग काकू म्हणाल्या, “परवा म्या नळ ऐकवला. त्यात माझी चूक झाली. येकाच घरचा ऐकवला. बाकीच्या घरायवर अन्याय झाला, त्यायची म्या हात जोडून माफी मागते. आता सगळ्यायचे ऐका.” आणि सकाळी दारोदार जाऊन मोबाइलमध्ये भरून आणलेले नळ त्यांनी एकामागून एक लावले. हा मुल्लाचाचांचा. चाचांचा नळ शीळ घालत होता. हा पोस्टातल्या शिपायाचा, हा थोड्या ढेकरा देतो. ह्यो सरपंचाच्या मेव्हण्याचा, म्हणजे बगा, वशिलाबी चालंना. एका घरचा नळ काहीच आवाज करत नव्हता. काकू म्हणाल्या, “ह्यो लाजायलाय.” मशीनवर बसणाऱ्या बाईंना आतून बंद करा, बंद करा म्हणून निरोप येत होते. त्यांनी नंतर सांगितलं की नेमकं बटण सापडलं नाही. रोज तेच बटण दाबणाऱ्या बाई. माझे सासरे हसून हसून खुर्चीवरून उठले आणि देवासमोर जाऊन उगाच हात जोडून आले.

कार्यक्रम त्याच दिवशी बंद झाला. त्या वेळेला आता भरून ठेवलेली भजनं लागतात. कुणाला नमस्कार नाही, काही नाही. काकू काही दिवस त्या वेळेला तयार होऊन ओट्यावर बसायच्या, आणि आम्ही शेजारी भाजी निवडत बसायचो. मला फार वाईट वाटायचं. वाटतं अजूनही. पुढे माझी बदली तुळजापूरला झाली.

मग वरच्या वस्तीत पाणी आलं. कुणामुळं आलं यावर गावात वाद आहेत, मी त्यात पडत नाही. काकू मात्र त्याच दिवशी केंद्रात जाऊन उभ्या राहिल्या. मला पाच मिनटं द्या, म्हणाल्या. पुढाऱ्याचं बोलणं आता खरं झालंय, त्यायचं नाव घेऊन सांगते. अध्यक्ष म्हणाले, आता त्याची गरज नाही, सगळ्यांना कळलंच आहे. “पाणी न्हाय म्हणून रेडिओवरून सांगितलं,” काकू म्हणाल्या, “आन आलं तर सांगायचं न्हाय? मंग म्या खोटी पडले की.” अध्यक्षांनी दार लावून घेतलं. हे सगळं मला सासऱ्यांनी फोनवर सांगितलं, आणि या खेपेला ते हसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेच्या व्हरांड्यात होते, तेव्हा काकूंचा फोन आला. पलीकडून कुणी बोलेना. मी दोनदा हॅलो म्हणाले. मग तोटी फिरल्याचा आवाज आला आणि पाणी पडायला लागलं. आधी रिकाम्या घागरीत पडताना वाजलं, मग भरत चाललं तसा त्याचा आवाज भरीव होत गेला. मी फोन कानाला घट्ट धरून उभी राहिले. घागर भरल्यावर काकूंनी तोटी बंद केली.

“आलंय,” त्या म्हणाल्या. “म्या पिऊन बघितलं. गोड हाय.”

काकू, तुम्ही सगळ्यांना असा एकेकाला फोन करताय का, मी विचारलं.

“व्हय. जे जे ऐकत व्हते त्यायला सांगाय पायजे की,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “तुमालाबी नमस्कार.” त्या मला कधी तुम्ही म्हणत नाहीत. मी काही बोलणार तोवर फोन बंद झाला होता. त्यांना पुढच्या माणसाला लावायचा होता.