छतावरची टिंबं आणि दांड्या

मंचरच्या विमलवहिनींनी मला माणसांत आणलं. हे सगळ्यात आधी लिहून ठेवतो, बाकीचं नंतर. आठवीतून शाळा सोडून डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या आमच्या गावातून मी मंचरला उतरलो, तेव्हा फ्रीज-एसी दुरुस्तीच्या एका दुकानात राबायचो आणि तिथंच पुठ्ठे अंथरून झोपायचो. काही वर्षांनी कावीळ झाली. दुकानमालक म्हणाले, गावाला जा. गावाला जाऊन कुणाच्या जिवावर पडायचं, हे त्यांना विचारायची हिंमत नव्हती. विमलवहिनींच्या घरचा एसी मी तोवर एक-दोनदाच साफ केलेला. त्यांनी माझे पिवळे डोळे बघितले, पान्यांची पिशवी हातातून काढून घेतली आणि गच्चीवरच्या खोलीत मला झोपवलं. बरा झाल्यावरही "आता जा" असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. एसीच्या माहितीपुस्तिकेवरून इंग्रजी अक्षरं त्यांनीच मला ओळखायला शिकवली. आज मस्कतमध्ये मी जे काम करतो आणि घरी जे काही धाडतो, ते त्या अक्षरांवर.

वहिनी गेल्याचं कळलं तेव्हा मी इथं एका इमारतीच्या गच्चीवर मशीन उघडून बसलो होतो. फोन पारसभाऊंचा, म्हणजे वहिनींच्या यजमानांचा. भाऊंना हातात फोन धरता येत नाही. एरवी नंबर लावायच्या वहिनी, आधी आवाजही त्यांचाच यायचा. त्या दिवशी एकदम भाऊच बोलले. "दत्ता, विमल गेली. सकाळी, चहा ठेवता ठेवता. फार त्रास झाला नाय. मी बरा हाय. मशीन चालू हाय. तू धावपळ करू नको." ... धावपळ करायची म्हटली तरी कुठं करणार? पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, उन्हाळा ऐन भरात, आणि उन्हाळ्यात एसीच्या माणसाला इथं सुट्टी नसते. सुपरवायझरनं विचारलं, "कौन लगती थी?" आई, बायको, बहीण, यातलं काहीच सांगता येईना. "घर की थी," म्हणालो. तो म्हणाला, बघू पुढं. त्याला आता काही आठवडे झाले. खोलीतली माणसं चांगली आहेत, पण प्रत्येकाला आपापली काळजी. म्हणून लिहायला घेतलं.

पारसभाऊ मंचरच्या मार्केटातले कांदा-बटाट्याचे आडते. घराणं मूळ राजस्थानचं, पण कितीतरी पिढ्या इथल्याच; भाऊंच्या तोंडी "लई" आणि "व्हतं" आमच्यापेक्षा जास्त. खेडच्या घाटात त्यांच्या जीपला ट्रकची धडक बसली आणि मानेचा मणका गेला. मानेखालचं काही हलेना, काही कळेना. पुण्याच्या डॉक्टरांनी वहिनींना एक गोष्ट बजावून सांगितली होती. भाऊंच्या अंगाला आता घाम येणार नाही. खोली तापली की त्यांचं अंगही तापत जाईल आणि ते जिवावर बेतेल. म्हणून त्या खोलीत एसी. झोत अंगावर नको म्हणून तो बसवला त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर, जिथं त्यांची नजर पोचत नाही. भेटायला येणाऱ्यांना भाऊ सांगायचे, "मला कोल्ड स्टोरेजला लावलंय. भाव आला की काढतील." माणसं हसायची, चहा घ्यायची, निघून जायची.

वहिनी मात्र आतच. तो काळ भारनियमनाचा. वीज गेली की गल्लीतला जनरेटर सुरू, वीज आली की तो बंद, आणि दर अदलाबदलीला एसी जो बंद पडायचा तो तसाच गप्प. कुणीतरी रिमोट उचलून बटण दाबायला हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे वहिनी. मूलबाळ नव्हतं. कामाला बाई होती, पण बाईच्या भरवशावर भाऊंचा जीव ठेवायला वहिनींचं मन तयार नव्हतं. माहेरी लग्नं झाली, बारशी झाली. वहिनी पलंगाशेजारी खुर्ची टाकून मटार सोलत बसलेल्या. मी जेवायला खाली आलो की विचारायच्या, "बाहेर ऊन किती हाय रे?" 

म्हणून मी एक खटाटोप केला. रिमोट उघडला, चालू-बंदच्या बटणाला दोन वायरी जोडल्या आणि भाऊंच्या हनुवटीपाशी एक मऊ बटण बसवलं. मान थोडी कलली की ते दाबलं जाई. पहिल्या दिवशी भाऊ नुसते चालू-बंद, चालू-बंद करत होते. "बस करा आता," वहिनी म्हणाल्या, "बिघडवून ठेवाल." मग धीर करून त्या एकदा शेजारणीबरोबर ओझरला गणपतीला गेल्या. मी दुकानात होतो. त्या गेल्या आणि वीज गेली. जनरेटर धडधडायला लागला. एसी बंद पडला होता, पण रिमोटला ते काय माहीत? त्याच्या लेखी मशीन चालूच. भाऊंनी हनुवटी दाबली, तर रिमोटनं सांगितलं 'बंद हो'. मशीननं टुँक केलं. भाऊंना वाटलं, झालं चालू. मशीन दिसत नाही, जनरेटरपुढं पंखा ऐकू येत नाही, अंगाला वारा कळत नाही. चेहरा तापायला लागला तसं परत दाबलं, शंका आली म्हणून परत... दर वेळी टुँक. चालू केलं की बंद केलं, कशाचा पत्ता नाही. वहिनी आल्या तेव्हा भाऊंचा चेहरा लालबुंद, बोलणं बरळल्यासारखं. ओले पंचे, शेजारच्या फ्रीजमधला बर्फ, डॉक्टर... वाचले. संध्याकाळी मी मान खाली घालून उभा होतो. वहिनी मला रागावल्या नाहीत. "मीच जायला नको व्हतं," एवढंच म्हणाल्या, आणि स्वतःच्या चपला त्यांनी माळ्यावर टाकल्या.

समोर आरसा लावला तर मशीन दिसेल, म्हणून तोही लावून बघितला. भाऊंनी दुसऱ्याच दिवशी उतरवायला लावला. त्यात मशीनच्या आधी ते स्वतः दिसायचे.

गाठ कुठं आहे ते कळलं होतं. रिमोटवर चालू आणि बंद यांना बटण एकच. भाऊंना हवं होतं असं बटण की कितीही वेळा दाबा, ते 'चालू हो' एवढंच सांगेल. आणि बंदचं वेगळं. तसं बटण त्या रिमोटवर नव्हतं. म्हणजे रिमोट मशीनशी नेमकं काय बोलतो, ते आम्हालाच बोलता यायला हवं. रिमोटचा उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण तो फार भरभर लुकलुकत असतो. जुन्या टीव्हीतला, तो उजेड टिपणारा डोळा मी काढला आणि एसटी स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात जोडला. कॅफेवाला म्हणाला, "राव, ह्यात लोक आवाज भरत्यात, तुमी काय अंधार भरताय?" पडद्यावर रेघ उमटायची. तिच्यात फटी, काही आखूड, काही लांब. एका दाबात अशा कितीतरी. त्या मी उतरवून आणायचो. वहिनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर स्केचपेननं मोठ्या करून काढायच्या, आखूड फटीला टिंब, लांब फटीला दांडी. आणि भाऊंना दिसावं म्हणून ते कागद चिकटवायचे छताला. मी स्टुलावर चढून खळ लावायचो, वहिनी खालून "वाकडं झालं, वाकडं झालं" करायच्या, आणि भाऊ म्हणायचे, "वाकडं तर वाकडं, मी काय उठून सरळ करणार हाय?"

भाऊंना छत सोडून बघायला होतंच काय? दिवसभर ते एका कागदाशी दुसरा ताडून बघत. चोवीसचा कागद, पंचवीसचा, सव्वीसचा, चालूचा, बंदचा. हळूहळू कळत गेलं की रिमोटला तुटक बोलता येत नाही. आपण तापमान एकनं वाढवलं तरी तो 'एक वाढव' म्हणत नाही. पहिल्यापासून सगळं सांगतो, चालू राहा, थंड कर, पंखा हळू, पंचवीस. मागचं पोचलं असेल असं तो धरतच नाही. "तुझ्यासारखंच की," भाऊ वहिनींना म्हणाले. "वांगी आणायला सांगायची तर कोथिंबिरीपासनं सुरू."

"आणि एवढं सांगून तुमी वांगीच विसरायचा," वहिनी म्हणाल्या.

त्या खोलीत इतकं बोलणं मी आधी ऐकलं नव्हतं.

पण शेवटचा एक तुकडा छळत होता. काहीही बदललं की तोही बदलायचा, का ते कळेना. नारायणगावच्या माझ्या एका डिप्लोमावाल्या मित्रानं आमची टिंबं-दांड्या चिपमध्ये भरून दिल्या होत्या. त्याच चिपमधून आम्ही आमचा निरोप जुळवून पाठवला, तर मशीन ढिम्म. परत पाठवला, ढिम्म. होळी होऊन गेली होती, ऊन चढायला लागलं होतं. वहिनी स्टुलावर तशाच बसून राहिल्या. "ऱ्हाऊ दे आता," म्हणाल्या. "बसते मी हितंच. मला काय कुठं जायचंय?"  दोन दिवस भाऊ छताकडं बघत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मला हाक मारली. "दत्ता, शेवटाला वजनाची बेरीज हाय." मार्केटात गोण्यांची वजनं एकाखाली एक लिहितात, तळाला एकूण. मधल्या एका गोणीचं वजन बदललं आणि एकूण तसंच राहिलं, की कुणीतरी हात मारलाय म्हणून माल अडवतात. मशीन तेच करत होतं. बेरीज जुळत नाही म्हणून आमचा निरोप बाहेरच्या बाहेर परत पाठवत होतं.

चिप परत भरून आणली. दोन बटणं बसवली, मान डावीकडं तर चालू, उजवीकडं तर बंद. वहिनींनी मुद्दाम मेन स्विच पाडून परत लावला. भाऊंनी मान डावीकडं कलवली. टुँक, आणि मशीनची झडप उघडली. परत दाबलं. चालूच. परत. चालूच. वहिनी त्या झडपेकडं बघत होत्या. मग भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पदरानं तोंड पुसत राहिल्या.

मला वाटलं, सुटल्या वहिनी. चपला माळ्यावरून खाली आल्या. पण पहिल्या दिवशी त्या बाहेरच्या ओट्यावर बसल्या आणि थोड्या वेळानं आत आल्या. भाऊंनी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाल्या, "कुठं जायचं ते सुचंना." इतकी वर्षं दार बाहेरून बंद आहे असं वाटायचं, ते उघडलं तर मनातलं दार अजून तसंच बंद होतं. पुढं त्यांना एक जागा सापडली, एसटी स्टँड. दुपारी जाऊन बाकावर बसायच्या. जुन्नर, भीमाशंकर, नाशिक... गाड्या लागायच्या, माणसं चढायची, गाड्या जायच्या. परत आल्या की भाऊ विचारायचे, "आज कुठं?"

"नाशिकची गाडी लावून आले."

"बसायला जागा व्हती का?"

"उभ्यानं गेली."

राजुरीला मात्र त्या खऱ्याच गेल्या, भाऊंकडं कांदा घालणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलीच्या लग्नाला, अख्खा दिवस. आल्यावर नवरीच्या साडीपासून पंगतीपर्यंत सगळं सांगत बसल्या. भाऊ डोळे मिटून ऐकत होते. मशीन त्या दिवशी किती वेळा बंद पडलं, हा विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही.

मस्कतचं काम आलं तेव्हा मी नाही म्हणून टाकलं. मी गेलो आणि बटण बिघडलं तर? हा विचार माझ्या छातीवर बसलेला असायचा. खरं सांगायचं तर मला तिथून हलायचंही होतं आणि हलता येत नव्हतं. वहिनींना दुकानातून कळलं. ताट वाढता वाढता म्हणाल्या, "न्हाई का म्हणालास?" मी पाण्याचा तांब्या उचलला. "मी हितं बसले ती माझं माणूस हाय म्हणून. तू कशापायी बसतोस? मी तुला बरा केला तो हितं बांधून घालायला न्हाई." भाऊ आतून म्हणाले, "जा रे. ह्या कोल्ड स्टोरेजात दोन गोण्या लई झाल्या." मी जाताना वहिनी स्टँडवर आल्या होत्या. गाडी हलली तरी हात हलवला नाही, नुसत्या बघत उभ्या राहिल्या. त्या बाकावरून गाड्या बघायची सवय झाली होती, पण आत ओळखीचं माणूस असलेली ती पहिलीच असावी.

परवा भाऊंचा परत फोन आला. पुतण्यानं लावून दिला होता. जुनं मशीन बसलं, कॉम्प्रेसर गेला, म्हणून नवीन लावलंय. "त्याला आपलं काय कळत नाय," भाऊ म्हणाले. नव्या मशीनची बोली निराळी; हनुवटीचं बटण आता कुणाशीच बोलत नाही. दिवसभर खोलीत एक माणूस ठेवलाय. "चांगला हाय, पण मोबाइलवर गाणी लावतो. जरा बाहेर जा म्हणता येत नाय." पुतण्या रंगारी घेऊन आला होता, छतावरचे कागद खरवडून काढतो म्हणाला. आता त्यांचा उपयोग तरी काय? ज्या मशीनसाठी ते लिहिले ते भंगारात गेलं. भाऊंनी हात लावू दिला नाही. "ऱ्हाऊ दे, वाचायला लागतंय," म्हणाले. मला माहीत आहे ते काय वाचतात. वहिनींनी टिंबं नुसती टेकवली नव्हती, एकेक गोल भरलं होतं. दांड्या शेवटाला जरा वर गेलेल्या, घाईत असल्यासारख्या. सकाळी डोळे उघडले की भाऊंना पहिलं तेच दिसतं.

इथला करार संपायला वेळ आहे. संपला की पासपोर्ट हातात येईल, असं म्हणतात. वहिनी, तुमचं मी फेडीन असं तुमच्या तोंडावर म्हणालो असतो तर तुम्ही ताट पुढं सरकवून "आधी जेव" म्हणाला असता. आता अडवायला तुम्ही नाही. मी येईन, त्या खोलीत स्टूल लावीन, नव्या मशीनचं बोलणं काढीन. माझे कागद तुमच्या कागदांच्या शेजारी लावीन, वर नाही. आणि भाऊंना त्या माणसाला सांगता येईल, जा बाबा, फिरून ये, मी बघतो. उशीर होईल, पण हे मी करणार आहे.