खंडोबाची आण आणि खारी विहीर

चहा घ्या, पण मी सांगत असताना घोट तोंडात धरू नका. हसता हसता ठसका लागला तर त्याचं पापही माझ्याच माथी यायचं!

भोंगवलीला आमची विहीर. पाणी असं मचूळ की एक घोट घेतला की पाहुणा दुसरा मागायचा नाही. त्या पाण्यानं गहू करपला, हरभरा करपला. शेवटी जव पेरला, आणि तो पठ्ठ्या त्याच पाण्यावर उभा राहिला! पण रान मिठानं पांढरं पडत चाललेलं. पोटभर खत मिळालं नाही, तर पुढं जवही हात टेकणार हे मला दिसत होतं.

आणि आमच्याकडं खत म्हणजे मेंढरं. दिवाळी झाली की धनगर कळप घेऊन घाटाकडं निघायचे. पेरणीआधी ज्याच्या रानात कळप बसला, त्याचं पीक बघत राहावं.

त्या साली मोठा कळप घेऊन एक म्हातारा धनगर माझ्याच रानाकडं येतोय असं कळलं. मला धास्ती, मेंढरं खारं पाणी पितील कशी? नदीवरनं बैलगाडीनं पाणी आणलं आणि विहिरीजवळची दगडी डोणी काठोकाठ भरली.

बायको म्हणाली, "अवो, खरं सांगून टाका की."

"गप! तुला काय कळतंय?"

माझं शहाणपण इथंच संपलं.

म्हातारा आला. "दादा, हिरीचं पाणी कसं हाये?"

"गोड!"

"गोड? म्या तर आयकलंवतं..."

"जळत्यात लोकं! मामा, निस्ता उसाचा रस! खंडोबाची आन!"

म्हाताऱ्यानं कपाळीच्या भंडाऱ्याला हात लावला. "देवाची आन घेतली, मग खरंच आसंल. चला रं, हाका मेंढरं."

"आवो मामा, कुठं?"

"मेंढरांस्नी खारटच पानी लागतंया, दादा. सरकारनं मिठावर कर लावल्यापासनं इकत घेनं परवडंना. खारी हीर हाये म्हनून तर वाट वाकडी करून आलतो."

आता सांगा, काय बोलायचं? 'खारीच आहे' म्हणावं तर खंडोबाची खोटी आण, तीही त्याच्या भक्तापुढं! मी बैलाच्या शेपटीकडं बघत उभा राहिलो. कळप बांध ओलांडून शेजारच्या गणपाच्या रानात बसला.

दुसऱ्या दिवशी म्हातारा गणपाला घेऊन हजर. म्हातारा माझ्या विहिरीचं ओंजळभर पाणी प्यायला.

"खारी हाये," तो म्हणाला. एवढंच.

लाजेनं माझे कान तापले. तरी निलाजऱ्यासारखं विचारलंच, "मग मामा, कळप हितं बसवता?"

"गनपाला शबूद दिलाय. आमी शबूद फिरवत न्हाई." मग पिशवीतला भंडारा काढून त्यानं माझ्या कपाळाला फासला. "देवाची माफी माग. आन् मोट हाक, मेंढरं तान्हेली हायेत."

हाकली! कळप होता तोवर रोज हाकली. बायको बांधावर उभी राहून विचारायची, "रस निघाला का वो?"

विहीर माझी, बैल माझे, घाम माझा. मेंढरं पाणी माझं प्यायची आणि लेंड्या टाकायला गणपाच्या रानात जायची. पुढं त्याच रानात पेरायला गणपानं जवाचं बीही माझ्याकडनंच नेलं, आणि कुठल्या तोंडानं मी नाही म्हणणार?