भोपळ्याची नाडी

माझ्या हातात काही जोरच नाही, असं आईचं ठाम मत होतं. पुण्याहून परतूरला आले त्याच दुपारी मी तिला गादीवर उताणं झोपवलं, उशाशी बसले, तिच्या डोक्याखाली दोन्ही तळवे सरकवले आणि तसेच राहू दिले. थोडा वेळ तिने वाट पाहिली. मग म्हणाली, "दाब की जरा. नुसता हात ठेवून काय करून राह्यली?"

नुसता हात ठेवणं हाच तर तो उपचार होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. पुण्यात एका दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट होते आणि रविवारी क्रेनिओसेक्रल थेरपी नावाचं प्रकरण शिकायला जात होते. शिकवणाऱ्या बाई सांगायच्या, मेंदू आणि मणक्याभोवती जे पाणी असतं त्याला स्वतःची एक संथ लय असते. हात अगदी हलका ठेवून ती लय शोधायची, म्हणजे मज्जासंस्थेचा ताण आपोआप सैल होतो. वर्गातल्या सगळ्यांना ती लय पहिल्याच दिवशी सापडली. मला बऱ्याच उशिरा सापडली, आणि सापडल्यावर आनंदाआधी शंका आली. ही आईकडून आलेली खोड. भाजीवाल्याने तोलून दिलेलं आम्ही दोघी घरी पुन्हा तोलणार.

म्हणून घरी येऊन मी ओट्यावरचा लाल भोपळा मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि तळवे टेकवले. जरा वेळाने भोपळ्यालाही लय लागली. संथ, भरती-ओहोटीची, अगदी शिकवल्याबरहुकूम. मग वर्गात जी लागत होती ती लोकांच्या डोक्यातली, की माझ्याच बोटांतली? त्या भोपळ्याची मी भाजी केली आणि कुणाला काही बोलले नाही. पण वर्गही सोडवेना. ज्यांच्या डोक्याखाली हात ठेवायचे त्यांचे खांदे खाली यायचे, कपाळाच्या आठ्या जायच्या, हे मी डोळ्यांनी बघत होते. भोपळ्याचं आणि ह्या माणसांचं मिळून काय खरं मानायचं, हे कोडं मला स्वस्थ बसू देत नव्हतं.

त्यातच दादाचा फोन आला. आईचं डोकं कित्येक दिवसांपासून दुखत होतं आणि आता डाव्या हाताला मुंग्या येऊन भाकरी थापताना मोडायला लागली होती. परतूरच्या डॉक्टरांनी औरंगाबादला जाऊन डोक्याचा फोटो काढायला सांगितलं होतं. आई हलायला तयार नव्हती. फोटो काढला की काहीतरी निघतंच, असं तिचं म्हणणं. वर, लेक डोक्याचंच शिकतेय, तीच बरं करील, असं ती गल्लीभर सांगत होती. दादा चिडून म्हणाला, तुझ्याच नावावर अडून बसली आहे, आता तूच ये.

आल्या आल्या मी औरंगाबादचा विषय काढला. तिने अट घातली, आधी तुझा इलाज, मग बघू. त्यामुळे रोज दुपारी आम्ही बसू लागलो. शेजारच्या खाला दारात बसून बघत. तेलाशिवाय हे कसलं मालिश, हे त्यांनी मला हसत हसत दोनदा विचारलं. पण आई माझ्या हातांवर झोपायला लागली. उठली की डोकं हलकं झालं म्हणायची. एरवी मी खूश झाले असते. पण एका संध्याकाळी तिच्या डाव्या हातातून चहाचा कप निसटला आणि मला भीती वाटली. तिला खरंच बरं वाटत होतं, आणि तेच आड येत होतं.

दुसऱ्या दिवशी खाला आल्या नव्हत्या. आई डोळे मिटून पडली होती. मला वाटलं, झोपली. तेवढ्यात ती म्हणाली, "आता माझ्या डोक्याला हात हाय तुझा. खरं सांग, ह्यानं मी बरी होईन का?"

आमच्याकडे कुणाच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलत नाहीत. ज्याचं डोकं, ते खोटं त्यालाच भोवतं. पुण्याच्या वर्गात ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती. हात काढून घ्यावेत असं क्षणभर वाटलं, पण काढले असते तर तेही उत्तरच झालं असतं.

मी म्हणाले, "मला माहीत नाही, आई." आणि मग भोपळ्याचंही सगळं सांगून टाकलं.

ती हसायला लागली. तिचं डोकं माझ्या तळव्यात गदगदत होतं. हसणं ओसरल्यावर तिने पदराने डोळे पुसले.

"झोप लागती बघ तुझ्या हातानं. पर भोपळ्यालाबी तसंच होत असंल, तर मंग सकाळची गाडी धरू," ती म्हणाली.

औरंगाबादच्या फोटोत कवटीखाली, उजवीकडे, साकळलेलं रक्त दिसलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिला आठवलं, मागे कधीतरी पत्र्याच्या शेडचा अँगल डोक्याला लागला होता. हळद दाबून ती विसरून गेली होती. आणखी थांबला असतात तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी बाहेरच्या बाकावर बसून माझ्या उजव्या तळव्याकडे बघत राहिले. इतके दिवस तो बरोबर त्याच जागेवर होता, आणि त्याला तिथे संथ, सुरेख लय लागत होती. मला रडू आलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. परतूरला परतल्यावर काही दिवसांनी ती पुन्हा भाकऱ्या थापू लागली, पहिली मोडली, दुसरी नाही. त्या दुपारी तिने स्वतःच गादी घातली, बिनकेसांच्या डोक्यावरचा पदर सारला आणि आडवी झाली.

"ठेव हात. दाबू नको," ती म्हणाली.

मी टाके सांभाळून तळवे सरकवले. मग तिने डोळे न उघडताच विचारलं, "खरं सांग, काय लागतंय?"

"केस," मी म्हणाले. "नवे येतायत. टोचतायत."