पोचेरो खायला गुडगावला

दिल्लीत राहून परदेशवारी करायची असेल तर गुडगावला जावं. व्हिसा लागत नाही, आणि आपल्याला कुणी माणसांत धरत नाही हा परदेशाचा अनुभव मात्र जसाच्या तसा मिळतो. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात अर्धं आयुष्य काढून आम्ही तिकडं फिरकलो नव्हतो. आमच्या साहेबांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मते गुडगाव हे शेत आहे आणि शेतात पिकनिकलाच जातात.

शेवटी गेलो ते मुलीपायी. इरा, आमची एकुलती एक, तिथल्या कॉल सेंटरात नोकरी करते आणि तिथंच भाड्यानं राहते. त्या कंपनीनं अमेरिकन उच्चार शिकवायला मनिलाहून रमोन नावाचा मुलगा आणलाय. मराठी मुलीनं हरयाणात बसून फिलिपिनो माणसाकडून अमेरिकन बोलायला शिकायचं, याला उदारीकरण म्हणतात. शिकता शिकता दोघांचं जमलं. इरानं दिवाळीत घरी सांगितलं आणि साहेबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ते केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर आहेत. नकोशी फाईल नाकारायची नसते, नुसती ठेवून द्यायची असते, हा नियम त्यांनी पोटच्या पोरीलाही लावला.

होळी झाली तरी फाईल हलेना. रमोनचं इथलं काम उन्हाळ्यात संपणार होतं. इरानं मला फोनवर सांगितलं, "बाबा हो म्हणाले तर इथे लग्न. नाही म्हणाले तर मी मनिलाला जाऊन करीन. फोटो पाठवीन तुला." एकुलत्या एका मुलीचं लग्न मी फोटोत बघायचं?

मग मीच तोडगा काढला. साहेबांना म्हटलं, "आमच्या वेळी मुली पोह्यांच्या बश्या घेऊन उभ्या राहायच्या. आता मुलालाच रांधून दाखवू दे. तुम्ही खाऊन काय ते ठरवा." ते म्हणाले, "बघू." सरकारी भाषेत हा जवळजवळ मंजुरीचा शेरा असतो.

दिवस ठरवणं सोपं नव्हतं. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मटण खाणाऱ्या मराठी घरात मटण खायला उरतात मोजके वार. रमोनची सुट्टी बघून रविवार ठरला. पदार्थ त्यानं निवडला, पोचेरो. मूळ स्पेन-पोर्तुगालकडचा, मटण आणि भाज्या एकाच पातेल्यात शिजवायचा रस्सा, असं त्याची आजी सांगायची. फिलिपिन्सला पोचल्यावर त्यात टोमॅटो आला आणि चक्क केळी आली. पोर्तुगाल म्हटल्यावर साहेब एवढंच म्हणाले, "वसई घेतली होती आपण त्यांच्याकडून."

केळी आणायचं काम माझ्याकडं होतं. साधी केळी चालत नाहीत, रश्श्यात विरघळतात. आपली राजेळी लागतात, घट्ट आणि जाड सालीची. दिल्लीत ती हवी असतील तर आय.एन.ए. मार्केटला केरळी लोकांच्या दुकानांत जा, आणि सकाळीच जा, नंतर गाडी लावायलाही जागा नसते. आमच्याकडं गाडी नव्हतीच, त्यामुळं ही अडचण आली नाही. तिथून बसनं धौला कुआं. मेट्रो गुडगावला यायचीय म्हणे, तोवर धौला कुआंच्या पुलाखाली उभं राहायचं. हरयाणा रोडवेजची बस येते, पण त्याआधी कॉल सेंटरच्या रिकाम्या गाड्या येतात आणि ड्रायव्हर दहा-दहा रुपयांत माणसं कोंबतो. साहेबांनी "हे बेकायदेशीर आहे" म्हटलं आणि खिडकीची जागा पकडली.

महामार्ग सगळा खणून ठेवलाय. धूळ इतकी की शेजारचा ट्रक आवाजावरून ओळखायची. पुढं इमारती सुरू होतात. एकीचं नाव इटालियन, दुसरीचं फ्रेंच, आणि दोन्हींच्या मध्ये म्हशी. रस्ते आठ गाड्या मावतील एवढे, पण पायी चालायला वीतभर फूटपाथ नाही, कारण इथं पायी कुणी चालावं अशी कुणाची अपेक्षाच नाही.

ते फाटकाशीच कळलं. गार्डनं आमच्या हातातल्या केळ्यांच्या पिशवीकडं पाहिलं आणि विचारलं, "किसके यहां काम है?"

साहेब म्हणाले, "हम लड़की के मां-बाप हैं."

"अच्छा. तो लड़की कौन से फ्लैट में काम करती है?"

भारत सरकारचा सेक्शन ऑफिसर त्या फाटकाशी दोन मिनिटं नुसता उभा होता. मला हसू आवरेना. शेवटी इरा खाली आली आणि आम्हाला वर घेऊन गेली. बापलेक एकाच लिफ्टमध्ये, दोघं आकड्यांकडं बघत.

रमोन किडकिडीत, हसरा, कमरेला इराची ओढणी बांधलेला. त्यानं वाकून साहेबांचा हात आपल्या कपाळाला लावला. त्यांच्याकडं मोठ्यांना असाच नमस्कार करतात. साहेबांनी हात असा परत घेतला की जणू बोटं मोजून घ्यायची होती.

स्वयंपाकघरात एका पातेल्यात मटण शिजत होतं, लसूण, मिरे आणि तमालपत्र घालून. त्यात पुढं काबुली चणे, टोमॅटो, फरसबी आणि शेवटी कोबी. एका बाटलीतून त्यानं माशांचा खारट रस ओतला आणि सुकटीच्या डब्याचं झाकण उघडावं तसा वास सुटला. साहेब मूळचे अलिबागचे. त्यांच्या नाकपुड्या हलल्या, मी पाहिलं. माझी केळी त्यानं उभी चिरून दुसऱ्या कढईत तळली, बटाट्याच्या आणि रताळ्याच्या फोडींबरोबर. "या शकरकंदला मराठीत काय म्हणतात गं?" इरानं विचारलं. दिल्लीत वाढलेली मुलं! तळलेलं सगळं ताटात बाजूला काढून ठेवलं, ते रश्श्यात अगदी शेवटी जातं.

पानं मांडली, आणि साहेबांनी ताटावर हात आडवा धरला.

"आज संकष्टी आहे. माझा उपास असतो."

दर महिन्याला आदल्या रात्री "साबुदाणा भिजव" म्हणून माझ्या मागं लागणारा हा माणूस, या वेळी मूग गिळून बसला होता. सकाळी चहाच घेतला, तेव्हा मला वाटलं पोट राखतायत.

"बाबा, आधी सांगायचं ना यार," इरा म्हणाली.

"कुणी विचारलं नाही."

दिवाळीनंतर तिच्याशी बोललेले हे पहिले शब्द. मला इतका राग आला की त्या उकळत्या पातेल्यात त्यांनाच बुडवावं. देवाला पुढं करून मुलीला नाही म्हणायचं? इराचे डोळे भरले. ती नुसती पाण्याचे पेले सरळ करत राहिली.

रमोनला काही कळेना. त्यानं इंग्रजीत विचारलं, म्हणजे आज ते काहीच खाणार नाहीत का?

"खातात," इरा तुटक बोलली. "पण फक्त उपासाचं. बटाटा, शकरकंद, केळी..."

बोलता बोलता ती थांबली. रमोन आत गेला आणि ते तळणीचं ताट घेऊन आला. बटाटा, रताळं, राजेळी केळी. त्यानं ते साहेबांसमोर ठेवलं आणि हात मागं बांधून उभा राहिला.

मग झाली छाननी.

"तेल कुठलं?"

"शेंगदाण्याचं," मी म्हटलं. "मीच पाठवलं होतं."

"मटण याच कढईत?"

"नाही, पातेल्यात. बघताय ना, अजून शिजतंय."

"डाव?"

"वेगळा," इरा म्हणाली. "बाबा, नाही म्हणायचं असेल तर तुमचं तुम्ही म्हणा. गणपतीला मध्ये आणू नका."

साहेबांनी रताळ्याची एक फोड उचलली. मग केळ्याची. मग रमोनला शेजारी बसायची हातानंच खूण केली. सगळं ताट त्यांनी संपवलं आणि आमच्या पोचेरोत घालायला एक फोड उरली नाही. आम्ही तो बिनकेळ्यांचाच खाल्ला. आधी नुसता रस्सा वाटीत, मग मटण आणि भाज्या भातावर. कोबी एवढा गुणी असतो हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही करणार असाल तर केळी दुप्पट आणा.

परतीच्या गाडीत धौला कुआं आल्यावर साहेबांनी विचारलं, "मटण मऊ होतं?" मी म्हटलं, "मला काय विचारता? पुन्हा जाऊन खा."

उन्हं उतरताना घरी पोचलो. जिन्यात खालच्या कुलकर्णी वहिनी भेटल्या, कुठं गेला होतात म्हणाल्या. मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात साहेबच म्हणाले,

"गुडगावला. जावयाकडं."

"अगं बाई, जमलं इराचं? कुठले आहेत?"

"मूळचे पोर्तुगीज," साहेब म्हणाले आणि जिना चढू लागले.

मी त्यांना खोडलं नाही. जावई म्हणाले होते, तेवढं मला पुरे होतं. मागं वळून वहिनींना म्हटलं, लग्न इथंच आहे, यायचं हं.