सुनंदाच्या सिमसाठी अकोला ते अमरावती

सुनंदाच्या मोबाईलवर ‘सेवा नाही’ अशी अक्षरं दिसली आणि मी अमरावतीला जायचं ठरवलं. सुनंदा माझी पत्नी. दिवाळीनंतर ती गेली. तिचा मोबाईल मी चार्ज करून ठेवतो, नंबर बंद पडू नये म्हणून रिचार्जही मारतो. तिचे मेसेज मात्र उघडत नाही. बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते, असं ऐकलं होतं. तिच्या नंबरवर कुणी परक्यानं ‘हॅलो’ म्हणावं, हे मला नको होतं. सिम तिच्या भावाच्या, दिनेशच्या नावावर आहे. त्यामुळे नवं सिम त्याच्याशिवाय मिळणार नव्हतं.

अकोल्याहून जाणाऱ्यांनी सकाळची गाडी धरावी, म्हणजे ऊन चढायच्या आत बडनेऱ्याला उतरता येतं. तिथून अमरावतीला शेअर ऑटो मिळतात. जनरलचं तिकीट चहा-नाश्त्याच्या खर्चात बसतं. सल्ले फुकट मिळतात.

गाडीत मी समोरच्या काकांना फक्त एवढंच विचारलं, की तुमच्या फोनला रेंज आहे का. मूर्तिजापूर येईपर्यंत माझी अडचण अख्ख्या डब्याची झाली.

“बंद करून चालू केला काय?” काका म्हणाले.

“केला. दोनदा.”

“मंग कसा चालू होईन? तीनदा करा लागते.”

शेजारच्या बाई म्हणाल्या, “या काकायचं काही ऐकू नका. सिम रबरानं पुसा. आमच्या पोरीचं असंच झालं होतं.”

“मग चालू झालं?”

“नाही. पण साफ झालं.”

शेवटी काकांनी फोन फॉरमॅट मारायला सांगितलं. त्यात सुनंदानं काढलेले फोटो आहेत. मी फोन खिशात घातला आणि बडनेऱ्यापर्यंत बाहेर काढला नाही.

दिनेशचा अमरावतीत भाजीचा धंदा आहे, पण गल्लीतल्या सगळ्यांच्या इंटरनेटचा डॉक्टरही तोच. घरात शिरताच त्यानं मला राऊटर दाखवला. मागे स्टीलची मोठी परात उभी केली होती.

“भाऊजी, परात ठेवली तशी रेंज थेट पलंगापर्यंत येऊन राहिली.”

स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोचा आवाज आला, “भाऊजी, तुमीच सांगा यायले. मी कणीक ताटात मळून राहिली.”

जेवून आम्ही मोबाईल कंपनीच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं दिनेशचा फोटो काढला. त्यानं तीन वेळा डोळे मिटले. मग तिनं सांगितलं, “सिम खराब झालं आहे, नंबर चालूच आहे. नवीन सिम संध्याकाळपर्यंत सुरू होईल. मेसेज मात्र एक दिवस येणार नाहीत.”

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, “पण काका, याच्यावर एवढे रिचार्ज काहून मारून ठेवले? रांगच लागली आहे. पुढच्या दिवाळीपर्यंत हा नंबर हलत नाही.”

मी दिनेशकडे पाहिलं. दिनेशनं पंख्याकडे पाहिलं.

“तू मारतोस?”

“दर खेपेले. तुमी इसरले त?”

“मी नाही विसरलो.”

“ते आता दिसून राहिलं.”

रांग तरीही लांबच वाटत होती. दिनेशनं पुण्याला माझ्या मुलीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. “हो मामा, मीपण करते,” ती म्हणाली, “पण बाबांना सांगू नका.”

बाहेर येऊन आम्ही गिला वडा, म्हणजे इथला दहीवडा, खाल्ला. अमरावतीला जाऊन तो न खाता परतू नये, दही मात्र जास्त मागून घ्यावं. यापुढे रिचार्ज फक्त मी मारायचा, असं ठरलं. दिनेशनं शब्द दिला. मुलीनंही फोनवर दिला.

संध्याकाळच्या गाडीनं घरी आलो. प्रवास सोपा आहे, कुणीही एका दिवसात करून येईल. सुनंदाचा नंबर मी एकटाच धरून बसलो आहे, असं मला इतके दिवस वाटत होतं. ते मात्र या प्रवासात गेलं, आणि गेलं ते बरं झालं.

दुसऱ्या दिवशी तिच्या फोनवर मेसेज यायला लागले. पहिला स्क्रीनवरच दिसला, उघडावा लागला नाही. रिचार्ज यशस्वी झाला होता. तो मी केलेला नव्हता. दोघांपैकी शब्द कोणी मोडला, हे मी विचारलं नाही. चष्मा लावला आणि माझाही एक मारून टाकला.