मिठात वाढलेले माझे जिवाणू
सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आज बदलापूरच्या माझ्या स्वयंपाकघरात पुडिंगसाठी चायना ग्रास उकळला आणि त्या समुद्री वासाने मला वीस वर्षांमागच्या अंबरनाथच्या प्रयोगशाळेत नेऊन उभं केलं. जिवाणूंमध्ये एका एन्झाइमचं जनुक घालून त्यांना खारटपणात जगायला शिकवण्याचा माझा प्रयोग चारदा फसला होता आणि पाचव्यांदा फसला तर माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक मॅडम माझा विषयच बंद करणार होत्या. त्या सकाळी मी काचेची बशी उघडली, तर मीठ घालून गोठवलेल्या चायना ग्रासच्या थरावर पांढरे ठिपकेच ठिपके, म्हणजे जिवाणू मिठात जगून वाढले होते! मी छाती फुगवून मॅडमना बोलावलं. “मीठ घालायलाच विसरली असशील,” त्या म्हणाल्या. “आईशप्पथ घातलं, मॅडम!” “शपथ प्रबंधात लिहिता येत नाही.” त्याच मिठात साधे जिवाणू मरतात हे दाखवणारी जोडीची बशी मी आदल्याच दिवशी हातातून पाडून फोडली होती, त्यामुळे पुरावा शून्य. मग प्रयोगशाळेत लिमलेटची गोळी चघळली तरी हाकलून देणाऱ्या आमच्या मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला, ज्यातून तो थर बशीत ओतला होता त्या फ्लास्कच्या तळाशी उरलेला, जिवाणू न लावलेला थर चमच्याने खरवडून जिभेवर ठेवला, आणि पार शेजारच्या शहरातल्या कॅम्प चारपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, “खारट आहे गं पोरी, खारट्ट आहे!”