अनीसमियाँची शेवटची कल्हई

आमचे मियाँ, अनीस, खांडबाऱ्याच्या बाजारात पन्नास वर्षं तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करत आले. कल्हई झाली की भांड्यात चिंचेचं पाणी भरून ठेवायचं आणि पहिला घोट स्वतः प्यायचा, हा त्यांचा नेम. तांबं उतरलं तर जीभ सांगते म्हणे. माझ्या भाजीची चव मात्र त्या जिभेला कधी कळली नाही.

आता गिऱ्हाईक एकच उरलं होतं, सज्जनबाई. त्यांचं तांब्याचं ताकाचं पातेलं आलं होतं. सुट्टीला आलेली नात रिम्शा कॉलेजात कोळ्याच्या जाळ्याहून बारीक धाग्यांची पट्टी बनवते. ती पट्टी जांभळ्या बत्तीखाली लाल चमकते आणि पाण्यात तांबं असलं की विझते.

कल्हई करून, चिंचेचं पाणी भरून ठेवून मियाँनी त्यातला घोट घेतला. "बरोबर शे," म्हणाले. रिम्शाने अंधारासाठी दार लोटून बत्ती लावली आणि पातेल्यात पट्टी बुडवली. लाल रंग हळूहळू गेला.

"तुन्ही पट्टीच खराब शे," मियाँ म्हणाले.

पातेल्यात न ओतलेलं चिंचेचं थोडं पाणी स्टीलच्या पेल्यात उरलं होतं. तिने त्यात दुसरी पट्टी बुडवली. ती निखाऱ्यासारखी लालच राहिली.

"जाऊ द्या दादा, कल्हईत एखादी जागा सुटली असेल," रिम्शा आजोबांना म्हणाली.

मियाँनी पातेल्यात बोट फिरवलं. सुटलेली जागा त्यांच्या डोळ्यांना दिसली नाही, बोटालाही लागली नाही.

"मागल्या वरीसबी सुटनी व्हई का?" त्यांनी विचारलं. सज्जनबाई वर्षभर त्यातलंच ताक प्यायल्या होत्या. रिम्शाने बत्ती विझवली.

त्या रात्री मी कल्हईचा भाता माळ्यावर टाकला. कुठे ठेवला, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही.